वहिनींच्या पेन्शनचं काय?

गेल्या दिवाळीत मी अकरा दिवस कोल्हापूरला होतो. त्यातले चार दिवस वहिनींना माहेरी, कुरुंदवाडजवळच्या त्यांच्या गावी पाठवायचं आणि आईचं सगळं मी बघायचं, असं ठरलं. आईला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू पूर्ण गेली आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री अकरा, एक, तीन, पाच. डायपर, अंग पुसणं, दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने भरवणं, गोळ्यांची पूड करून देणं. दादा पहाटे शिरोलीला फौंड्रीत जातो, संध्याकाळी आल्यावर आईला उचलायला हात लावतो. बाकीचं वहिनींचं.

चार दिवसांसाठी गेलेल्या वहिनी तिसऱ्याच दिवशी परत आल्या. पिशवी सोप्यात टेकवून थेट आईच्या खोलीत गेल्या, तिला कुशीवर वळवून पाठ बघितली आणि मग पाणी प्यायल्या. तीन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं माहेर. पंचमीला भाऊ न्यायला येतो आणि चहा पिऊन एकटा परत जातो.

त्या रात्री मी त्यांना म्हटलं, दरमहा थोडे जास्त पैसे पाठवतो. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत भावजी, पुरतात की. माझी पेन्शन गेली, त्याचं काय ते सांगा."

त्यांचा हिशेब असा. पतसंस्थेत त्यांची साडेआठ वर्षं नोकरी झाली होती. फंड कापला जात होता. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात, मग ५८व्या वर्षापासून ती सुरू होते. आई अंथरुणाला खिळली आणि वहिनींनी नोकरी सोडली. त्यांच्या पदरात पडली ती जमा झालेली रक्कम, पेन्शन नाही. दीड वर्षाने हुकली.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या आईला सांभाळतात. तिथे १९९५ पासून काळजी विमा सक्तीचा आहे. माझ्याही पगारातून कापला जातो. सध्या दर ३.६ टक्के, त्यातला निम्मा मालक भरतो. घरातलं माणूस आजारी पडलं की तपासणारा घरी येतो, उठणं-बसणं, खाणं, भान सगळं बघून गुण देतो आणि त्यावरून एक ते पाच अशी श्रेणी ठरते. तिसऱ्या श्रेणीला घरच्यांनीच सांभाळलं तर महिन्याला ५९९ युरो मिळतात. ते आजारी माणसाच्या नावावर येतात आणि तो ते सांभाळणाऱ्याला देतो.

पण माझं लक्ष गेलं ते दुसऱ्या तरतुदीकडे. दुसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीच्या माणसाला घरी आठवड्यातून दहा तास, किमान दोन दिवसांत विभागून, जो सांभाळतो आणि बाहेर आठवड्याला ३० तासांहून जास्त नोकरी करत नाही, त्याच्या पेन्शनचा हप्ता विमा संस्था भरते. सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने. त्या बाईंची आईजवळची वर्षं त्यांच्या म्हातारपणाच्या हिशेबात जमा होतात. वहिनींची तीन वर्षं कुठेच जमा नाहीत.

तिकडचं सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. हप्त्याचा दर वाढत चालला आहे. त्या बाईंच्या दारात आठवडा-आठवडा कोणी येत नाही. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत वहिनी आंघोळीला गेल्या की शेजारच्या काकू न सांगता आईपाशी येऊन बसतात, हे मी तिथल्या कुठल्या कायद्यात पाहिलेलं नाही. ते जपलं पाहिजे. पण काकूंच्या भरवशावर सरकारने स्वस्थ बसावं का?

आपल्याकडे या विषयावर चर्चा होते, नाही असं नाही. पण ती नेहमी न सांभाळणाऱ्या मुलाची होते. दिवाळीत रंकाळ्यावर मित्र भेटले, तिथेही तेच. पोरं परदेशात, आईबाप वाऱ्यावर, पोरांच्या नावावरची जमीन काढून घ्या. मी गप्प ऐकत होतो, कारण त्यात माझ्यापुरतं खरं होतं. कायदाही त्याच वाटेने जातो. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडील प्रांताकडे पोटगी मागू शकतात, महिना दहा हजारांपर्यंत. वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिने कैद होऊ शकते. हे असायलाच हवं. पण हा कायदा वहिनींच्या वाट्याला कुठे येतो? त्यांनी कोणाला सोडलेलंच नाही.

मदतीच्या योजना बघितल्या तर त्या आजाऱ्यापाशीच थांबतात. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १,७५०. कोल्हापुरात एवढ्यावर कोणतं घर चालतं? सत्तरीवरच्यांना आता पाच लाखांचं आयुष्मान कवच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. आईसारख्यांचं आजारपण घरातल्या कॉटवर चालतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिला दोघांनी उचलून रिक्षात घालावं लागलं, आणि तेही दोनदा.

सांभाळणारीचा उल्लेख कायद्यात अगदीच नाही असंही नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम २४ मध्ये जास्त मदत लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्ता हे शब्द आहेत. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना दरमहा ६०० रुपये देते. रक्कम तोकडी आहे, पण तिथल्या सरकारने त्या बाईला निदान एक माणूस म्हणून मोजलं.

कोणी म्हणेल, सेवेला पैसे लावले की संस्कार संपले. ही भीती मला कळते, माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं असतं. पण बघा सेवा कोण करतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटं घरच्यांची काळजी घेण्यात घालवतात, पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. संस्कार सगळ्यांचे आणि रात्री तीनचा गजर एकीचा.

वहिनी आज ४६ वर्षांच्या आहेत. अटल पेन्शनमध्ये नाव घालावं म्हटलं तर प्रवेश चाळिशीपर्यंतच. श्रमयोगी मानधन योजनेतही तेच. सासू-सासऱ्यांचं दुखणं घरात येतं त्याच वयात दोन्ही दारं बंद होतात. राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) त्यांच्या नावाने मी पैसे भरणार आहे. पण ज्या घरात परदेशी नोकरी करणारा दीर नाही, तिथली वहिनी काय करेल?

माझी मागणी छोटी आहे. फंडाच्या पेन्शनचा वाटा म्हणजे १५,००० पगाराच्या ८.३३ टक्के, महिन्याला १,२५० रुपये. 'लाडकी बहीण'च्या हप्त्यापेक्षाही कमी. काळजीसाठी नोकरी सोडलेल्या माणसाच्या नावाने हा वाटा सरकारने भरावा आणि ती वर्षं नोकरीत धरावीत. शिवाय वर्षातून पंधरा दिवस ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णासाठी एक खाट ठेवावी, म्हणजे घरच्या बाईला पंचमीला जाता येईल.

पण त्यासाठी अशा बायका किती आहेत ते आधी कागदावर यायला हवं, आणि ते काम गावातून होऊ शकतं. वहिनींच्या माहेराजवळच हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सगळीकडे नमुना म्हणून पाठवला. मी वहिनींच्या भावाशी फोनवर बोललो आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते विषय मांडणार आहेत: गावात अंथरुणावर कोण आहे, त्याला कोण सांभाळतं, त्या व्यक्तीने कोणतं काम सोडलं, याची नोंदवही. मसुदा मी लिहून पाठवला. त्यांनी वाचून एकच बदल सुचवला. 'सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव' हा रकाना मी तिसरा ठेवला होता, तो त्यांनी पहिला घ्यायला सांगितला.