मोतीबिंदू लेझरने ‘विरघळत’ नाही

माझ्या मावशीने मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड वर्ष लांबवलं. साध्या ऑपरेशनापुरते पैसे होते, पण फोनवर एक मेसेज आला: ‘आता ब्लेडशिवाय लेझरने मोतीबिंदू विरघळवतात. साध्या ऑपरेशनात धोका जास्त, नजर कमी. लेझर केलं की मोतीबिंदू परत येत नाही. शिबिरातलं टाळाच.’ ‘करीन तर लेझरनेच,’ म्हणत ती पैसे साठवत राहिली. तांदूळ निवडताना तिला खडे दिसेनासे झाले. जिन्याची शेवटची पायरी दोनदा चुकली. तोच मेसेज अजून फिरतोय, म्हणून लिहितेय.

‘विरघळवतात’ हेच मुळात खोटं आहे. मोतीबिंदूसाठी वापरतात तो फेम्टोसेकंद लेझर बुबुळावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) छेद देऊ शकतो, डोळ्यातल्या गढूळ झालेल्या भिंगाच्या पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतो आणि आतल्या गराचे तुकडे करतो. पुढचं काम लेझरचं नाही. त्यानंतर फेकोचीच, म्हणजे ध्वनिलहरींनी गर फोडणाऱ्या नेहमीच्या ऑपरेशनाचीच, सुई आत जाते आणि गर ओढून काढते. नवं भिंग सर्जनच्या हातानेच बसतं. शिवाय लेझरसाठी बाहुली नीट मोठी व्हावी लागते, बुबुळ स्वच्छ असावं लागतं. सगळ्यांना तो चालत नाही. गंमत नाही, खरंच सांगते: ‘माझं लेझरने झालं’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं फेको झालेलं असतं. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आणलेल्या या पद्धतीत लेझर नसतोच, असतात ध्वनिलहरी.

धोका आणि नजर यांचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. फ्रान्समधल्या 5 विद्यापीठ रुग्णालयांत 900हून जास्त रुग्णांवर आणि ब्रिटनमध्ये 785 रुग्णांवर लेझर आणि साधं फेको यांची तुलना झाली. दोन्हींचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. नजरेत किंवा गुंतागुंतीत लेझर सरस ठरला नाही, खर्च मात्र वाढला. लेझरची खिडकी हाताने पाडलेल्या खिडकीपेक्षा जास्त गोल असते, कडक मोतीबिंदूत ध्वनिलहरींची ऊर्जा कमी लागते, हे मान्य. बुबुळाच्या आतल्या पेशी आधीच कमी असतील तर डॉक्टर त्याचा विचार करतील. पण चष्मा लागणार की नाही हे मुख्यतः भिंगाचा प्रकार आणि डोळ्याचं मोजमाप ठरवतं. पॅकेजमध्ये लेझर आणि महागडं भिंग एकत्र बांधून दिलं की श्रेय चुकीच्या जागी जातं. म्हणून भिंगाची किंमत वेगळी लिहून मागा.

‘परत येत नाही’ हे कुठल्याही पद्धतीला लागू आहे, कारण मूळ भिंगच काढलेलं असतं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पिशवीचा मागचा पडदा धुरकट होऊ शकतो, त्यालाच लोक ‘परत आला’ म्हणतात. तो याग नावाच्या वेगळ्या लेझरने ओपीडीतच काही मिनिटांत मोकळा करतात. लेझरने ऑपरेशन केलेल्यांनाही त्याची गरज पडू शकते.

राहिलं शिबिराचं, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. शिबिरांतून सहसा होणाऱ्या एसआयसीएसमध्ये (छोट्या छेदातून हाताने केलेलं ऑपरेशन) 6 ते 7 मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गर अखंड बाहेर काढतात. बोगदा आपोआप मिटतो, बहुतेक वेळा टाका लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 डोळ्यांवर या पद्धतीची फेकोशी तुलना झाली, 2005 मध्ये ती छापून आली. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याच्या नजरेत फेको पुढे होतं. चष्म्यासह दोन्हींची नजर जवळपास सारखी होती. पिकलेल्या, कडक मोतीबिंदूला ही पद्धत चांगलीच चालते. मावशीचा थांबून थांबून तसाच तपकिरी, टणक झाला होता. तिच्या डॉक्टरांनी एसआयसीएसच केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्या कुर्त्यावरचा हळदीचा डाग दाखवला, मग विचारलं, ‘दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची गं?’