युरोपातील वाहनांच्या नंबरप्लेटविषयी खुलासा

युरोपातील कोणत्याही गाडीच्या नंबरप्लेटवरून मालक कोठे राहतो हे कळते, असा दावा करणारा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. युरोपीय संघातील प्लेटच्या डाव्या कडेची, बारा ताऱ्यांची निळी पट्टी केवळ नोंदणीचा देश सांगते. जर्मनीत सुरुवातीची अक्षरे नोंदणीच्या जिल्ह्याची असतात हे खरे, म्हणजे 'एम' म्युनिकचे आणि 'एचएच' हॅम्बुर्गचे. परंतु १ जानेवारी २०१५ पासून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेल्यावरही जुना क्रमांक ठेवता येत असल्याने 'एम'ची गाडी एखाद्या बर्लिनकराची असू शकते.

फ्रान्समध्ये तर आणखी गंमत आहे. तेथे २००९ पासूनच्या पद्धतीत क्रमांक गाडीला कायमचा मिळतो, आणि उजव्या पट्टीतील विभागाचा आकडा व प्रदेशाचे चिन्ह मालक स्वतःच्या पसंतीने निवडतो. त्यामुळे कॉर्सिका या फ्रेंच बेटावर कधी पाऊलही न ठेवलेला पॅरिसकर तेथील '२ए' हा आकडा आणि त्या बेटाचे चिन्ह असलेले, कपाळाला पट्टी बांधलेल्या मूराचे (उत्तर आफ्रिकी माणसाचे) मस्तक खुशाल मिरवू शकतो.

दावा बऱ्यापैकी लागू पडतो तो संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडला: तेथे 'झेडएच' म्हणजे झ्युरिक, आणि दुसऱ्या कँटनमध्ये, म्हणजे तेथील राज्यात, बिऱ्हाड हलवले की प्लेट बदलावीच लागते.