‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न आता बंद करू या

२ नोव्हेंबर २०२५च्या मध्यरात्री नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्डकप उचलला आणि तेव्हापासून महिला क्रिकेट बघणारी माणसं वाढतच चालली आहेत. आमच्या सोसायटीत, माझ्या माहेरी, ऑफिसात डबा खाताना, लोकलच्या लेडीज डब्यात. ज्यांनी आयुष्यात कधी स्कोअर विचारला नव्हता, त्या आता दीप्ती शर्माच्या पाच विकेट्सवर बोलतात. मी हा खेळ खूप आधीपासून बघते. मला याचा मनापासून आनंद होतो.

आणि म्हणूनच एक गोष्ट खटकते. आमच्यातलेच काही जुने फॅन नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात विचारतात, ‘इतके दिवस कुठे होतात?’ मग लगेच परीक्षा सुरू. २०१७च्या वर्ल्डकपची फायनल बघितली होती का? पूनम राऊतने त्यात किती केले? झूलन गोस्वामीच्या वनडेतल्या विकेट्स किती? उत्तर आलं नाही की समोरचा ‘वर्ल्डकपनंतर उगवलेला’ ठरतो. मला हे अजिबात पटत नाही. का, ते आज सविस्तर लिहिते.

इतके दिवस कुठे होत्या या बायका? घरात होत्या. वर्ल्डकपच्या मॅचेस दुपारी तीनला सुरू व्हायच्या आणि रात्री दहा-साडेदहापर्यंत चालायच्या. म्हणजे मुलं शाळेतून येणार, त्यांना खायला द्यायचं, क्लासला पाठवायचं, दिवाबत्ती, स्वयंपाक, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या, उद्याच्या डब्याची तयारी, हे सगळं नेमकं त्या शंभर ओव्हरमध्ये. शिवाय घरातला रिमोट ज्यांच्या हातात असायचा, त्यांना २०१७च्या आधी महिला क्रिकेट नावाची गोष्ट टीव्हीवर क्वचितच दिसायची. दिसली तरी चॅनेल पुढे जायचा. अशा घरातल्या बाईला ‘आकडे सांग, मग तुला फॅन म्हणतो’ असं म्हणणं म्हणजे तिला किती मोकळा वेळ मिळाला हे मोजणं आहे. तिची ओढ त्यात मोजली जात नाही.

सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले, ३३९चं टार्गेट गाठलं. महिला वनडेतला तो सगळ्यात मोठा यशस्वी पाठलाग. मी स्वतः त्यातला बराचसा भाग पोळ्या लाटताना कॉमेंट्री ऐकत ‘बघितला’. आवाज चढला की लाटणं तसंच हातात घेऊन बाहेर धावायचं, रिप्ले बघायचा, परत आत. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांनी ती मॅच अशीच बघितली आहे. त्यांचं बघणं काही कमी प्रतीचं नव्हतं.

आमच्या घरातल्या नव्या फॅन म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी पार केलेली. माहेर मिरजेचं. त्यांना क्रिकेटशी काही देणंघेणं नव्हतं, पण स्मृती मानधना सांगलीची आहे हे कळलं आणि ‘आमच्याकडची पोर’ म्हणून त्या टीव्हीसमोर येऊन बसल्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर गवार. शेंगा मोडता मोडता बघायच्या. एकदा मध्येच त्यांनी विचारलं, ‘बॉल पायाला लागून थांबला, मग तो स्टंपला लागला असता हे त्या अंपायरला कसं गं कळतं?’

किती नेमका प्रश्न आहे हा! माझा मुलगा दहावीत आहे. तो उठला, कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या मागे त्याने पिच काढलं, तीन रेघांचे स्टंप काढले, बॉल कुठे पडला, पायाला कुठे लागला, पुढे कुठे गेला असता, हे तीन ठिपके काढून आजीला समजावलं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन मॅचनंतर अपील झालं तेव्हा मोठ्या स्क्रीनवर काही यायच्या आत म्हणाल्या, ‘सरळ आहे, पण वरून जाईल.’ आणि तो बॉल खरंच स्टंपच्या वरून जात होता. मुलाने उडी मारली. आजी आणि नातवाचं एरवी बोलणं म्हणजे ‘जेवलास का’ आणि ‘हो’. आता त्यांचं संध्याकाळी अर्धा-अर्धा तास चालतं. ते पान अजून टीव्हीच्या शेजारी लावलेलं आहे.

आता त्यांना कुणी म्हटलं असतं की ‘आजी, तुम्ही फक्त सांगलीची म्हणून बघताय’, तर? हो, त्या तेवढ्यासाठीच आल्या. कुणी सांगलीमुळे येतं, कुणी जेमिमाचे गिटारचे व्हिडिओ बघून येतं, कुणाच्या मुलीला निळी जर्सी हवी असते म्हणून आईबाप येतात. एकदा आत आल्यावर खेळ आपलं काम करतो. आपण फक्त दारात उभं राहून वाट अडवू नये.

भाऊबीजेचा प्रसंग सांगते. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि त्याच दिवशी डी. वाय. पाटीलला भारत-न्यूझीलंड. आपण लागोपाठ तीन मॅच हरलो होतो, ही जिंकणं भागच होतं. दादाने विचारलं, ओवाळणी काय हवी? मी म्हटलं, सगळ्यांनी माझ्याबरोबर ग्राउंडवर चला. लवकर औक्षण उरकलं आणि डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून नेरूळ करत आम्ही पोहोचलो. वहिनी स्टेडियममध्ये पहिल्यांदाच येत होती. ती नुसती ते हिरवंगार मैदान बघत राहिली.

स्मृती आणि प्रतिका रावल ओपनिंगला आल्या, जमल्या, २१२ची पार्टनरशिप झाली. सुरुवातीला वहिनीने मला विचारलं, ‘यातली स्मृती कोणती?’ मी उत्तर द्यायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, ‘काकू, हे घरून शिकून यायचं असतं.’ अठरा नंबरची जर्सी घातलेला तरुण मुलगा. वहिनीचा चेहरा पडला. त्यानंतर काही ओव्हर ती एक शब्द बोलली नाही, मोबाइलमध्ये बघत बसली.

मी मागे वळून काही बोलणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी वळली. ‘काकू, डावखुरी ती स्मृती, उजव्या हाताची प्रतिका. आता बघा, स्मृती पुढे येऊन कव्हरवरून मारणार.’ आणि मग तिने वहिनीला संपूर्ण मॅच सोबत केली. फील्डिंग का बदलली, पाऊस आल्यावर टार्गेट का बदलतं, सगळं. मध्ये आमच्याकडचं पाणी प्यायली, माझ्या भाचीच्या गालावर तिरंगा काढून दिला. स्मृतीचं शतक झालं तेव्हा वहिनी माझ्याही आधी उभी राहिली होती.

त्या दिवशी प्रतिकाने १२२ केले होते. तीनच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध तिचा पाय दुखावला आणि ती स्पर्धेतून बाहेर गेली. तिच्या जागी शफाली वर्मा आली आणि फायनलला तिने ८७ धावा आणि दोन विकेट्स काढल्या. फायनलनंतर प्रतिका व्हीलचेअरवर बसून मैदानात आली होती. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन. मला वाटलं आपली कॅप्टन हरमनचा शेवटचा कॅच, अमनजोतने तीनदा हातातून उडवून पकडलेला दक्षिण आफ्रिकेच्या कॅप्टनचा, वोल्वार्टचा कॅच, असलं काही बोलेल. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘प्रतिकाला मेडल मिळालं का गं?’

मिळालं नव्हतं. पंधरा जणींच्या यादीतून नाव गेल्यामुळे त्या रात्री तिच्या गळ्यात मेडल नव्हतं, नंतर मिळालं. मी इतकी वर्षं बघणारी, पण त्या जल्लोषात माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. ग्राउंडवर पहिल्यांदा आलेल्या बाईच्या आलं. नवीन माणूस काय घेऊन येतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जुन्या फॅन्सचं दुखणं मला समजतं, कारण ते माझंही आहे. २००५ला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्डकपची फायनल हरलो तेव्हा दुसऱ्या दिवशी बोलायला माणूस नव्हता. २०१३ला वर्ल्डकप आपल्या मुंबईत होता आणि रणजीची फायनल आली म्हणून वानखेडेवरचे सामने हलवले गेले. २०१७च्या फायनलला लॉर्ड्सवर शेवटच्या सात विकेट २८ धावांत गेल्या, नऊ धावांनी हरलो, त्या रात्री मी झोपले नाही. हे सगळं एकट्याने सोसलं की त्या दुःखावर आपला हक्क वाटायला लागतो. आता गर्दी आली की वाटतं, यांना सगळं आयतं मिळालं.

पण आपल्याला हवं तरी काय होतं? भरलेलं स्टेडियमच ना? २०२३ला डब्ल्यूपीएल, म्हणजे विमेन्स प्रीमियर लीग, सुरू झाली तेव्हा बायकांना प्रवेश फुकट होता. या वर्ल्डकपला तिकिटं १०० रुपयांपासून होती. हे नवीन माणसं यावीत म्हणूनच केलं होतं आणि ती आली. फायनलला चाळीस हजारांच्या आसपास लोक होते. जुन्या फॅन्सपुरतंच ठेवलं असतं तर दोन स्टँडही भरले नसते.

खेळाडूंनी त्या रात्री काय केलं ते आठवा. हरमन आणि सगळ्या जणींनी ट्रॉफी नेऊन झूलन, मिताली राज, अंजूम चोप्रा या आधीच्या खेळाडूंच्या हातात दिली. झूलन हरमनच्या गळ्यात पडून रडली. ज्यांनी हा खेळ वर्षानुवर्षं ओढला, त्यांचा मान त्या पोरींनी राखला. आणि झूलन-मितालीने कुणाला म्हटलं का, की आमच्या वेळी कुठे होतात?

त्यांच्याही आधीच्या पिढीने तर याहून खडतर दिवस काढले. पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ला आपल्या पुण्यात झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा फक्त तीन टीम. भारताच्या पहिल्या कॅप्टन शांता रंगास्वामींनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे, रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यातून प्रवास, डॉर्मिटरीत मुक्काम. १९७६ला पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून पहिली टेस्ट जिंकली तेव्हा मैदान गर्दीने भरलेलं होतं. त्या गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येकाने बायकांची टेस्ट पहिल्यांदाच बघितली असणार. कुणी त्यांची परीक्षा घेतली नाही.

एका बाबतीत मात्र मी नव्यांनाही स्पष्ट सांगते. हरल्यावर खेळाडूला शिव्या घालायच्या नाहीत. तीन मॅच हरलो तेव्हा या मुलींबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. ज्या जेमिमाला इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं, तिनेच सेमीफायनल काढून दिली, आणि मॅचनंतर स्पर्धाभर आपल्याला किती अस्वस्थ वाटत होतं ते रडत रडत सांगितलं. दुसरं, खेळाडूंचं लग्न, घर, नातीगोती, यावर आमच्यात बोलायचं नाही. हे शांतपणे, एकदा सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. न ऐकणारे नव्यांमध्ये जितके असतात तितकेच जुन्यांमध्ये.

बाकी जे ठाऊक आहे ते वाटून टाकावं. मी सासूबाईंना किरण नवगिरेबद्दल सांगितलं. सोलापूर जिल्ह्यातली मुलगी, आधी भालाफेक करायची, २०२५ला महाराष्ट्राकडून टी-ट्वेंटीत ३४ चेंडूंत शतक ठोकलं. त्यांनी विचारलं, ‘मग ती मॅच लागते का टीव्हीवर?’ मी म्हटलं, बऱ्याचदा नाही. त्या म्हणाल्या, ‘लावायला नको का?’ हे मी इतकी वर्षं म्हणत आले. आता म्हणणारी घरात आणखी एक झाली. अशी घरोघरी झाली तर या मॅचेस नक्की दिसायला लागतील.

१४ जून २०२६ला रविवार आहे. इंग्लंडमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकप सुरू झालेला असेल आणि एजबॅस्टनला आपली पाकिस्तानशी मॅच आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा स्क्रीन लावतोय. मुलं, सासूबाई, शेजारी, ज्यांना आणायचं त्यांना आणा. चहा आमच्याकडे, खायला प्रत्येकाने थोडं थोडं आणायचं म्हणजे कुणा एकीवर स्वयंपाक पडणार नाही. ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांना पुढच्या खुर्च्या, आणि समजावायला माझा मुलगा वही-पेन घेऊन शेजारी बसणार आहे.