‘वर्मचा जमाना संपला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

‘फॉरमॅट मारल्यावर नेटची केबल लगेच लावू नका’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती थोडक्यात अशी: वर्मचा, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरसचा, जमाना संपला; हा सल्ला २००३ सालचा आहे. आता घरोघरी राउटर आहे, विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा) आधीपासून चालू असते, अनोळखी मेल उघडली नाही की काम झालं. केबल लावा आणि विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या. पेन ड्राइव्हवरून पॅच (त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) टाकायला सांगून मी लोकांना उलट जास्त धोक्यात ढकलतो आणि विनाकारण घाबरवतो. शेवटी तुम्ही विचारलंय की, अजून जुन्या विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या मशीनचं मग काय करायचं? तुम्ही स्वतः आयटीत आहात, मुद्दे नीट मांडलेत, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

आधी जिथे आपलं दुमत नाही ते. घरी स्वतःचा राउटर आहे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नुकतीच उतरवलेली विंडोज ११ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) आहे आणि घरात दुसरा संशयास्पद पीसी नाही, तर खुशाल केबल लावा. विंडोज ११चं सेटअप तसंही नेट मागतंच.

पण मला फोन करणारे बहुतेक लोक असे नसतात. तालुक्याच्या गावातला लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला असतो. त्याचा पेजमेकर आणि श्रीलिपीचा जुना डोंगल विंडोज ७ वर बसलेला असतो आणि तिथून हलवायची त्याची छाती होत नाही. शाळेतली संगणकाची खोली असते. पॅथॉलॉजी लॅबमधला, तपासणीच्या यंत्राला जोडलेला पीसी असतो. या सगळ्यांकडे विंडोजची एक डीव्हीडी असते, कधीकाळी दुकानदाराने दिलेली, आणि पीसी रडायला लागला की तीच पुन्हा टाकली जाते. माझा सगळा मुद्दा या क्षणाबद्दल आहे. फॉरमॅट मारलेला पीसी आपल्याला नवा वाटतो, पण सुरक्षेच्या हिशेबाने तो त्या डीव्हीडीइतका जुना असतो. कालपर्यंत त्यात जे पॅच साठले होते ते सगळे पुसले गेले. ज्या त्रुटी जगजाहीर आहेत, ज्यांच्यावर चालणारी हत्यारं फुकट फिरतायत, त्या सगळ्या एका दुपारीत पुन्हा उघड्या पडल्या. अशा अवस्थेत त्याला कुणाच्या शेजारी नेऊन बसवायचं, हा प्रश्न २००३ इतकाच आजही खरा आहे.

२००३चं नाव तुम्हीच काढलंत, तर तेव्हाचं गणित आठवू या. आरपीसी या विंडोजच्या नेटवर्क सेवेतल्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी दिला आणि तीच त्रुटी वापरणारा ब्लास्टर वर्म ११ ऑगस्टला सुटला. पुढच्या वर्षी सॅसरने तेवढीही सवड दिली नाही: पॅच १३ एप्रिलचा, वर्म ३० एप्रिलचा. दोन्ही वर्म पसरायला कुणी मेल उघडावी लागत नव्हती. ब्लास्टर पोर्ट (पीसीचं नेटवर्कवरचं दार) १३५ वर यायचा, सॅसर ४४५ वर. पीसी चालू आणि नेटला जोडलेला, एवढं पुरे. मग ६० सेकंदांत मशीन बंद होणार असल्याची ती उलटी मोजणी सुरू व्हायची. सॅन्स या सुरक्षा संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने २००४ मध्ये मांडलेला अंदाज असा होता की, पॅच नसलेला विंडोज पीसी थेट नेटवर सोडला तर सरासरी २० मिनिटांत त्याला काहीतरी लागतं. आणि एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ (साठलेल्या पॅचचा एकत्र संच) होता सुमारे २७० एमबीचा. डायल-अपवर तो उतरवायला चौदा-पंधरा तास. ‘केबल लावा, अपडेट होऊ द्या’ ही शर्यत तेव्हा सुरू होण्याआधीच हरलेली होती. मूळ एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली. तार जोडण्याआधी ती चालू करणं हाच उपाय होता. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने ती आपोआप चालू केली, विंडोज सुरू होत असतानाच्या क्षणांतही पहारा बसवला. आज तुम्ही ज्या फायरवॉलच्या भरवशावर बोलता, ती या अनुभवातून आलेली आहे.

पण ती असूनही २०१७ घडलं. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय वर्मने वापरलेल्या त्रुटीचा पॅच १४ मार्चला आला होता, हल्ला १२ मे रोजी झाला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. बळी पडलेल्या मशीनांत बहुतांश विंडोज ७ होती, म्हणजे फायरवॉल सुरुवातीपासून चालू असलेली. मग वर्म आत कसा गेला? फाइल आणि प्रिंटर शेअर करायचे म्हणून ऑफिसांनी ४४५ पोर्ट आतल्या नेटवर्कपुरतं उघडं ठेवलेलं असतं. विंडोज ७ पहिल्यांदा नेटवर्कला जोडली की विचारते: होम, वर्क की पब्लिक? आपण घाईत होम किंवा वर्क दाबतो आणि ते दार उघडतं. म्हणून माझ्या लेखात लिहिलंय की, पॅच पूर्ण होईपर्यंत पब्लिकच निवडा. ते वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही.

विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या, हा तुमचा सल्ला विंडोज ७च्या जुन्या डीव्हीडीवर चालतच नाही. मायक्रोसॉफ्टने आपले अपडेट एसएचए-२ या नव्या डिजिटल सहीवर नेले आणि जुन्या सहीवर चालणारी अपडेटची ठिकाणं २०२० मध्ये बंद केली. त्यामुळे सर्व्हिस पॅक १ ची कोरी विंडोज ७ अपडेट शोधत बसते आणि एरर देते. केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन अपडेट आधी हाताने टाकावे लागतात. म्हणजे तुम्ही सांगता तसं केलं तर हा पीसी उघड्या अवस्थेत, नेटला जोडलेला, तासन् तास ताटकळत राहतो आणि पदरात एकही पॅच पडत नाही. ‘लाइट’ नावाने फिरणाऱ्या, आधीच ॲक्टिव्हेट केलेल्या आवृत्त्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांतल्या कितीतरींमध्ये अपडेट आणि डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) कापूनच टाकलेले असतात.

आता राउटर. बाहेरून न मागता आलेली जोडणी राउटर आत सोडत नाही, हे खरं आहे आणि त्याने फार मोठं काम केलंय. पण राउटर वेशीवर उभा असतो. शेजारच्या घरातून येणाऱ्याला तो अडवत नाही. मुंबई-पुण्यात केबलवाल्याची लॅन वायर थेट पीसीत खोचायचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. अख्खी गल्ली एका नेटवर्कवर असायची आणि वर्म सातासमुद्रापलीकडून नाही, वरच्या मजल्यावरून यायचा. आजची शाळा, हॉस्टेल, ऑफिस, एमआयडीसीतलं युनिट यांची आतली रचना याहून फारशी वेगळी नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा वर्म सुटला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधून झाली, कुणी भलती मेल उघडल्यामुळे नाही. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्याने आतून पोखरलं आणि न्हावा शेव्याला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल अडकलं. तो वॉनाक्रायचीच त्रुटी वापरायचा, शिवाय एका मशीनच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून दुसऱ्यावर जायचा, त्यामुळे पॅच केलेली मशीनंही पडली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं की, त्यांना दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नव्याने विंडोज टाकण्याचं एवढं मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल. आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या केंद्रात, जिथून हे काम चाललं, तिथे पहिला नियम काय होता? हल्ल्याआधीचं कुठलंही उपकरण वापरायचं नाही. तशा पाट्या लावल्या होत्या, मोडणाऱ्यावर कारवाईची तंबी होती. कारण उघड आहे: एका जुन्या लॅपटॉपमधून वर्म परत आला असता तर सगळी मेहनत पाण्यात. कंपनीच्या सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर पुसले गेले होते. वाचला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. केबल काढून ठेवण्याची किंमत काय असते, हे त्या एका मशीनने दाखवलं.

पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट २०१८ रोजी, तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीत उलट्या दिशेने हेच झालं. नवं यंत्र आलं, त्यावर सॉफ्टवेअर बसवताना ठरलेली पद्धत पाळली गेली नाही आणि न तपासता ते कारखान्याच्या नेटवर्कला जोडलं गेलं. वॉनाक्रायचा अवतार त्या यंत्रातच होता. जगातल्या सर्वात प्रगत चिप कारखान्यांत उत्पादन थांबलं आणि त्या तिमाहीच्या उत्पन्नावर सुमारे ३ टक्के परिणामाचा अंदाज कंपनीला जाहीर करावा लागला. पॅच येऊन तेव्हा जवळजवळ दीड वर्ष उलटलं होतं. त्यांच्याकडे राउटर, फायरवॉल, तज्ज्ञ माणसं यांतलं काय नव्हतं? चुकला तो क्रम. आधी तपासणी, मग जोडणी.

पेन ड्राइव्हबद्दलचा तुमचा इशारा मला महत्त्वाचा वाटतो. २००८ साली आलेला कॉन्फिकर वर्म नेटवर्कवरून जसा पसरला तसाच पेन ड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही (ड्राइव्ह लावताच फाइल आपोआप चालवणारी सोय) पसरला. म्हणूनच लेखात पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा यावर वेगळा परिच्छेद आहे. दुसऱ्या, अद्ययावत पीसीवर तो फॉरमॅट करा, मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधूनच फाइल घ्या, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही पाहा, आणि तो ड्राइव्ह मधे कुठल्याही तिसऱ्या पीसीला लावू नका. डीव्हीडी ड्राइव्ह चालू असेल तर मी डीव्हीडीच वापरतो. एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडीवर कुठलाही वर्म स्वतःला चिकटवू शकत नाही. डीटीपीवाल्यांकडे असे ड्राइव्ह अजून असतात.

आणि घाबरवण्याबद्दल. केबल थोडा वेळ बाहेर ठेवायला पैसे लागत नाहीत. ज्या माणसाचा एकुलता एक पीसी म्हणजे त्याचं दुकान आहे, ज्याने पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइल त्याच पीसीवर ठेवल्यात आणि बॅकअप घेतलेला नाही, त्याला हे सांगताना माझा आवाज चढत असेल तर चढू दे. मे २०१७ मध्ये अशा फाइल गमावलेल्या माणसांसमोर मी बसलोय. त्यांना परत देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. एक्सपीवरची सीएनसी (संगणकाने चालणारं कारखान्यातलं यंत्र) किंवा लॅबची मशीन नेटला जोडूच नका, अपडेटसाठीही नाही. सर्व्हिस पॅक ३ डिस्कवरून टाका. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, तरी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी काही पॅच नंतर खास दिले; त्यांतले दोन महत्त्वाचे: मे २०१७ मध्ये वॉनाक्रायच्या त्रुटीचा आणि मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधल्या (दुरून पीसी चालवण्याची सोय) ब्लूकीप त्रुटीचा. तेही असेच टाका. ऑटोरन बंद करा, फाइल शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉप बंद करा. फाइल पाठवणारा पीसी एकच ठेवा आणि तो या मशीनसोबत वेगळ्या स्विचवर असू द्या, ऑफिसच्या नेटवर्कवर नाही. सगळं नीट चाललं की लगेच पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या. पुढच्या वेळी ती जुनी सीडी काढायची गरज नाही; पॅच केलेली इमेजच परत टाकायची. विंडोज ७ वाल्यांनीही हेच करावं. इमेज कशी घ्यायची आणि ती परत चढते की नाही हे कसं तपासायचं, ते तुम्हाला हवं असेल तर सांगा, पुढच्या लेखात चित्रांसकट देतो.