‘तीन हजार पाण्यात गेले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण आकड्यांसकट आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात: बेळगाव-चंदगड भागातल्या किल्ल्यांची तुमची जुनी साइट ओस पडत चालली, म्हणून एप्रिलमध्ये रोज २०० रुपयांप्रमाणे १५ दिवस गूगलवर सर्च जाहिरात (शोधनिकालांसोबत दिसणारी) चालवलीत. ६४० क्लिक आले, पण रविवारच्या गडफेरीसाठी (माणशी ५०० रुपये) एकही फोन नाही. एका दिवशी तर ३७१ रुपये गेले. सबब जाहिरात म्हणजे लूट आणि गूगल जाहिरातीवरचा माझा लेख म्हणजे तिची दलाली, असं तुमचं म्हणणं.

३७१ चं आधी मिटवू. रोजचं बजेट ही सरासरी असते. गूगल एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च करतं, महिन्याला मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. शिवाय आगाऊ भरलेल्या ३००० मधून १८ टक्के जीएसटी वजा होतो, जाहिरातीला उरतात साधारण २५४२. म्हणजे क्लिक पडला ४ रुपयांना. इतका स्वस्त क्लिक बघूनच मला संशय येतो.

सर्च कॅम्पेन बनवताना ‘डिस्प्ले नेटवर्क’च्या (म्हणजे शोधाबाहेरच्या इतर साइट आणि ॲप्सच्या) चौकोनात टिक आधीच असते. ती काढली नसेल तर जाहिरात गेमच्या ॲपमध्येही झळकते आणि तिथले बरेच क्लिक अंगठा चुकून पडलेले असतात. रिपोर्टमध्ये आकडे नेटवर्कनुसार वेगळे करा, ६४० पैकी खरे किती ते लगेच दिसेल.

मग ‘सर्च टर्म्स’ हा रिपोर्ट उघडा. लोकांनी काय टाइप केलं होतं ते तिथे मिळतं (सगळं नाही, पण पुरेसं). तुम्ही ‘बेळगाव मराठा किल्ले’ हा कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) नुसताच टाकलात, म्हणजे तो ब्रॉड मॅच झाला, दूरच्या संबंधाचे शोधही त्यात धरले जातात. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्री या लष्करी रेजिमेंटचं केंद्र आहे, तेव्हा भरतीची तारीख शोधणारी पोरंही त्यात येऊ शकतात की हो! कीवर्ड अवतरणचिन्हांत घातला तर फ्रेज मॅच (शोधात तोच अर्थ यायला हवा), चौकटी कंसात घातला तर एक्झॅक्ट (शोधाचा अर्थ नेमका तेवढाच हवा). तुम्हाला हे दोनच हवेत. भरती, हॉटेल, फोटो, स्टेटस, पिनकोड हे शब्द निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) घाला, तेही देवनागरी आणि रोमन दोन्हींत, कारण निगेटिव्ह शब्द समानार्थी शब्दांना अडवत नाहीत. कीवर्डमधल्या नावांचंही तसंच, सगळी रूपं घ्या. बेळगाव, बेळगावी, बेलगाम. राजहंसगड आणि येळ्ळूर किल्ला. मराठीत विचार करणारा माणूससुद्धा पुष्कळदा रोमनमध्येच टाइप करतो. ‘भीमगड’ मात्र जपून, त्या नावाने अभयारण्य शोधणारेही येतात.

आता जाहिरात कुठल्या भागात दिसावी ते ठिकाण. तुम्ही बेळगाव जिल्हा निवडलात आणि तिथेच चंदगड बाहेर पडलं, कारण ते कोल्हापूर जिल्ह्यात. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड तिकडे, बेळगावच्या बाजाराला येणारी माणसं तिकडची, आणि जाहिरात मात्र राज्याच्या हद्दीवर थबकलेली. जिल्हा सोडा, बेळगाव शहराभोवती ५० किलोमीटरची त्रिज्या घ्या. शिवाय मूळ सेटिंग ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असं असतं. त्यातून नागपुरात बसून शाळेचा प्रकल्प लिहिणारा मुलगाही तुमचे ४ रुपये खातो. फक्त ‘तिथे असलेले’ ठेवा.

हे सगळं नीट केलं तरी तुमचं गणित जमतंच असं नाही, आणि इथे तुमचा राग रास्त आहे. गाडी, नाश्ता जाऊन माणशी १५० उरतात असं तुम्हीच लिहिलंय. ४ रुपयांच्या क्लिकला ३७ क्लिकमागे एक बुकिंग आलं तरच खर्च भागतो. शंभरात एक आलं तर ४०० घालून १५० मिळाले. त्यामुळे सुट्या माणसासाठी जाहिरात करूच नका. २० जणांच्या गटाला तोच क्लिक परवडतो, तिथे ३००० सुटतात. ‘बेळगाव ग्रुप ट्रेक’, ‘कॉलेज सहल’ असे कीवर्ड घ्या, आणि जाहिरात मुखपृष्ठावर नव्हे, गटाचे दर, निघण्याची वेळ आणि व्हॉट्सॲपचं बटण असलेल्या वेगळ्या पानावर उतरवा. बटणावरचे क्लिक कन्व्हर्जन (जाहिरातीतून साधलेलं काम) म्हणून मोजा. महिन्याला मोजकीच कन्व्हर्जन येत असतील तोवर ‘मॅक्सिमाइज क्लिक्स’ (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणणारी बोली) ठेवून वर क्लिकमागे ६ रुपयांची मर्यादा घाला. आणि एप्रिलच्या उन्हात गड चढायला कोण येणार? जूनमध्ये सुरू करा.

राहिली ओस पडलेली साइट. पैसे भरले म्हणून फुकटच्या निकालांत ती वर सरकत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा आलेख असतो. इम्प्रेशन्स (निकालांत साइट किती वेळा दिसली) टिकून क्लिक घटले असतील तर बहुधा लोकांना उत्तर निकालाच्या पानावरच मिळतंय. रस्ता, वेळा, पावसात कुठे घसरतं अशी माहिती तुमच्या पानांवर हवी. इम्प्रेशन्सच घटली असतील तर पानं मागे पडली आहेत किंवा तो विषय शोधणारेच कमी झालेत.

सर्च टर्म्सची यादी इथे खाली टाकलीत तर निगेटिव्ह शब्द आणखी कोणते लागतील ते सांगतो.