नानावटी खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, हे खरं नाहीये

परत तोच मेसेज फिरतोय की 1959 चा मुंबईचा नानावटी खटला (नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा) हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला, म्हणजे सामान्य नागरिकांनी दोषी की निर्दोष ठरवायचा खटला, होता आणि त्या निकालाने चिडून सरकारने ज्युरीच बंद केली. अहो असं नाहीये!

ज्युरी काढून टाका ही शिफारस लॉ कमिशनने (कायद्यांत बदल सुचवणारा सरकारी आयोग) 14 व्या रिपोर्टमध्ये केली तो 1958 चा, म्हणजे गोळीबार व्हायच्या आधीचा, आणि नानावटीनंतरही कलकत्त्यात वगैरे ज्युरीपुढे खटले चालूच होते, शेवटी नवीन सीआरपीसी (फौजदारी खटले कसे चालवायचे याचा कायदा) 1 एप्रिल 1974 ला लागू झाली त्यात ज्युरीची तरतूदच ठेवली नाही.

अजून एक, ज्युरीचा शब्द आपल्याकडे दरवेळी अंतिम नसायचा. जुन्या 1898 च्या सीआरपीसीमधल्या कलम 307 ने सेशन्स जज असहमत असेल तर केस हायकोर्टाकडे पाठवू शकायचा, नानावटीत तेच झालं, ज्युरीने 8-1 ने निर्दोष म्हटलं तरी हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच मेसेजमध्ये नसतो.

आणि ज्युरीसारखी पद्धत एका ठिकाणी अजून आहे, पारशी घटस्फोटाच्या केसेसमध्ये समाजातले डेलिगेट्स जजसोबत बसतात, 1936 च्या कायद्याने. प्लीज हे पण फॉरवर्ड करा.