चवथीला सुटणारं सोनं

चवथीला आठ दिवस उरले की आमच्या पतसंस्थेत गहाण सोनं सोडवायला रांग लागते. घरी पाहुणे येणार, आरतीला सगळा वाडा, म्हणजे सगळी वस्ती जमणार, मोकळा गळा घेऊन माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) उभं कसं राहायचं? मग कोणी भिशी उचलते, कोणी दिराकडून हातउसने घेते, कोणी पिग्मीचं खातं मोडते, आणि पाटल्या, हार, कुडी घरी जातात. गणपती पोचवून पंधरा दिवस होत नाहीत तोच तेच हार त्याच डबीतून परत माझ्या काउंटरवर. सराफ कसोटीवर घासतो, वजन सांगतो, मी पावती करते. वजन आता मला न सांगताही पाठ असतं. एकीच्या डबीला आतून लाल मखमल आहे, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. ती डबी गेली नऊ वर्षं भाद्रपदात बाहेर पडायची आणि महिन्याभरात परत यायची.

गेल्या रविवारी ग्रामसभेत एका पंचाने, म्हणजे पंचायत सदस्याने, विकासकामांची यादी वाचली. रस्त्याचं रुंदीकरण, हायमास्ट दिवे, सभागृहाला टाइल्स, आणि विमानतळामुळे गावाला येणारं ‘पोटेन्शियल’. माझ्या तोंडून निघून गेलं, “ह्यातून आपल्या वाड्यावरची किती घरं सोनं कायमचं सोडवतील?” लोक हसले. पंचही हसला. माणूस चांगला आहे, वर्षातून एकदा तोही माझ्या काउंटरवर येतो. पण मी विनोद केला नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गोवा दरडोई उत्पन्नात देशात अगदी वरच्या राज्यांत आहे. खरं आहे ते. फक्त ही सरासरी काढायची तर किनाऱ्यावरचं मोठं हॉटेल आणि मखमली डबीवाली बाई यांना एकाच पंगतीला बसवावं लागतं. मी १९ वर्षं पेडणे तालुक्यात काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय. इथून सरासरी दिसत नाही, एकेकाचं पासबुक दिसतं.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं. भावाने २०१० साली कर्ज काढून ट्रक घेतला. तेव्हा आमच्याकडे दारात ट्रक म्हणजे घराला वजन. खाणीवर खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, पुढे ते बार्जमधून मुरगावला. दिवसात किती खेपा झाल्या त्यावर रात्रीच्या जेवणाचा सूर ठरायचा. चहाचा गाडा, टायरवाला, गॅरेज, खानावळ, सगळे त्याच एका लाल धुळीवर जगत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. धूळ बसली, हप्ते नाही बसले. सरकारने पुढे कर्जसवलतीची योजना आणली, त्यात काहींचं निभावलं. मधे थोडं सुरू झालं, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा तेच. भावाचा ट्रक तीन पावसाळे अंगणात उभा होता. बोनेटवर आंब्याची पानं कुजून त्यातून एक रोप वर आलं होतं. आई ते उपटू देईना. “कायतरी उगवता मगे,” म्हणायची.

याच खाणींच्या खटल्यात एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने एक गोष्ट सांगितली, तिच्याबद्दल आमच्याकडे चहाच्या गाड्यावर फारसं कोणी बोललं नाही. खनिज विकून येणाऱ्या रकमेतले १० टक्के एका कायमच्या निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवन आयर्न ओअर पर्मनंट फंड असं त्याचं नाव. एवढं जड नाव कशाला, कुठल्याही आजीला विचारा, ती एका वाक्यात सांगेल: मोडलेल्या सोन्याचे पैसे बाजारहाटात घालवायचे नसतात. डोंगर एकदाच विकता येतो.

आता सासरी, पेडण्यात या. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. जमिनीचे चेक त्याच्या कितीतरी आधी आले, आणि खाजगी विक्रीचे अजून येताहेत. एवढा मोठा चेक पहिल्यांदा हातात धरणारा माणूस मी पाहिलाय. घडी पडू नये म्हणून तो कॅलेंडरच्या गुंडाळीत घालून आणतो. पुढे काय होतं तेही पाहिलंय. आधी गाडी, मग घरावर स्लॅब, मग मुलीचं लग्न, मग आठवण काढणारे नातेवाईक. राहिलं त्याची एफडी. एफडी मोडायला आलेला माणूस मला आता दारातूनच ओळखता येतो, तो आधी पावसाबद्दल बोलतो.

त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. ‘पैसा टिकवता येत नाही ह्यांना.’ अहो, आयुष्यात ज्याच्या हातात एकरकमी वीस हजार आले नाहीत, त्याच्यासमोर कोणी तासभर बसलं का? गाडीच्या शोरूमवाले आले, विमावाले आले, बांधकाम ठेकेदार आला. चेक देणाऱ्यांनी सही घेतली आणि पुढचा नंबर पुकारला. जो विचार खनिजासाठी न्यायालयाने सांगितला, तो जमिनीच्या चेकला कोणी लावलाच नाही. आम्हीही नाही, हे कबूल करते. आम्हाला ठेवी हव्या होत्या. व्याजाचा दर दाखवला आणि मोकळे झालो.

पण लोक मुळात विकतात का? हाव, असं सगळे सांगतात. मला नाही पटत. गोव्यात जमीन विकणं सोपं आणि गहाण ठेवणं कठीण आहे, माझ्या टेबलावरून तरी असंच दिसतं.

पुतण्याचीच गोष्ट सांगते. हॉटेलात सहा वर्षं नोकरी केलेला मुलगा. जुन्या घराच्या दोन खोल्या नीट करून होमस्टे काढायचा, आठ लाख लागणार, बाकी काम स्वतः करणार. बँकेने १/१४ चा उतारा मागितला. (महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी: तुमचा सातबारा, तसा आमचा एक-चौदा.) उताऱ्यावर २३ नावं. त्यांतली सात देवाघरी, पाच मुंबईत, एक पोर्तुगालला, आणि एक नाव कोणाचं ते घरात कोणालाच सांगता येईना. आमच्याकडे मुलीला मुलाएवढाच वाटा आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांची मालकी, त्यामुळे प्रत्येक नावामागे आणखी एक सही. या कायद्याचा मला अभिमान आहे, त्याच्यामुळेच माझंही नाव कुठेतरी आहे. पण पिढ्यान्पिढ्या वाटण्याच केल्या नाहीत तर तोच उतारा गळ्यातलं लोढणं होतो. त्यावर उपाय म्हणजे कोर्टात इन्व्हेंटरी: वारस ठरवा, मालमत्तेची यादी करा, वाटणी करा. वकील, नोटिसा, तारखा. बँकेने फाइल परत दिली. बँकेला तरी काय बोल लावणार?

त्याच महिन्यात एक एजंट घरी आला. पार्टी दिल्लीची, जागा आहे तशी घेणार. कागदांची काळजी करू नका, वकील आमचा, मुंबईच्या सह्या आमचा माणूस जाऊन आणेल. पुतण्या दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाव विचारला आणि पाटीवर मांडून दाखवलं. कागद निस्तरायचा सगळा खर्च, आणि त्याच्यावर भरपूर, त्या पार्टीने भावातून आधीच कापला होता. म्हणजे कागद साफ होणार आमच्याच पैशाने, फक्त साफ झाल्यावर जमीन त्याची. आमच्याकडे नसतो तो वर्ष-दोन वर्षं थांबायचा दम आणि वकिलाची आगाऊ फी. एवढ्यावर तालुकेच्या तालुके हातचे जाताहेत.

मुंडकारांचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचं, याहून अवघड. घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला, पण मामलेदाराकडची केस बापाकडून मुलाकडे वारशाने जाते. स्वतःच्या घराच्या भिंतीला तारण म्हणून किंमत नाही, मग गळ्यातलंच उतरवायचं.

आता जरा बरी गोष्ट. आमच्या वाड्यावरच्या अकरा बायकांचा स्वयंसहाय्य गट. भात कापून झालं की त्याच शेतात तांबडी भाजी, मुळा, वाल, मिरची घेतात. इथून नऊ किलोमीटरवर किनाऱ्याला एक रिसॉर्ट, ज्याच्या मेनूत ‘ऑथेंटिक गोवन थाळी’ आहे आणि थाळीतली भाजी चोर्ला घाट उतरून बेळगावहून येते. खटपट करून गटाने तिथे भाजी लावली. रोज सकाळी सहाला टेम्पो. पर्चेसवाल्याला भाजी आवडली, भावही बरा दिला. पैसे साठ दिवसांनी. त्याचा काही दुष्टपणा नव्हता, तो सगळ्यांनाच तसे देतो. बेळगावचा व्यापारी साठ दिवस थांबू शकतो, त्याच्यामागे भांडवल आहे. आमच्या बायकांना भाजीचे पैसे सांजेला हातात लागतात, त्यातूनच उद्याचं दूध आणि पोराचं बसभाडं. तिसऱ्या आठवड्यात निम्म्या जणी परत रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसल्या, दोघी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. रिसॉर्टवाला म्हणाला, लोकल लोकांचा भरवसा नाही.

पुढच्या वर्षी आम्ही बिलावर उचल द्यायची असं ठरवलं. ठरवलं म्हणजे संचालकांच्या तीन बैठका माझं डोकं खाल्लं. तारण काय, जामीन कोण, मुळ्यावर कर्ज देतात का कुठे? शेवटी प्रयोग म्हणून मान्य झालं: बिल दाखवा, त्याच दिवशी ८० टक्के रक्कम घेऊन जा, रिसॉर्टचा चेक आला की वळती. हंगामभर चाललं. एक रुपया बुडाला नाही, उलट आम्हाला व्याज मिळालं. फार मोठं काही घडलं अशातला भाग नाही. मॅनेजर बदलला तसा तो रिसॉर्ट सुटलाही, आता दोन लहान हॉटेलांना भाजी जाते. पण त्या वर्षी चवथीनंतर अकरापैकी चौघींनी सोनं परत ठेवलं नाही. माझ्या १९ वर्षांत मला दिसलेला विकास म्हणाल तर हा. याचा फोटो काढता येत नाही, उद्घाटनाला नारळ फोडता येत नाही.

मग सरकारी मदतीचं काय, कोणीतरी विचारणारच. गृहिणींसाठीच्या गृह आधारच्या महिना १५०० रुपयांना आणि ज्येष्ठांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या २००० रुपयांना नाक मुरडणारे लोक बहुधा कधी काउंटरवर बसलेले नसतात. ते पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, कोणाला विचारावं लागत नाही, आणि बहुतेक जणी त्यातले दोन-तीनशे तरी आरडीला टाकतात. मला त्याची किंमत आहे. एवढंच, की त्या पैशाने घर तगतं, मुलगा गाडी चालवायला दुसऱ्याकडे जायचा थांबत नाही. इथल्या टॅक्सीवाल्यांना तर आपल्याच तालुक्यातल्या विमानतळावर काउंटरसाठी आंदोलन करावं लागलं. जमीन आमची गेली, भाड्यासाठी रांगेत आम्हीच मागे.

बार्देश-सासष्टीतल्या कोमुनिदादींमध्ये, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये, जोण (वार्षिक वाटा) वाटायची पद्धत होती. शेतांची पावणी (लिलाव) घ्यायची, बांध आणि मानशी (पाण्याची दारं) यांचा खर्च भागवायचा, उरलं त्यातून गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांना, वाटा. त्यात बाईला जागा नव्हती, मुंडकाराला नव्हती, म्हणून मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण गावाच्या जमिनीतून गावच्या माणसाला यंदा काय मिळालं, या प्रश्नाला तिथे एक आकडा होता. आज आमच्या पंचायतीत घरपट्टीचा आकडा आहे, बांधकाम परवान्यांचा आहे, कचरा किती गोळा झाला त्याचाही आहे. हा एवढाच नाही.

तो काढणं अशक्य आहे का? पंचायतीने आणि गावच्या पतसंस्थेने मिळून ठरवलं तर वर्षाला सांगता येईल: सोनं गहाण किती, सुटलं किती, गावातली किती जमीन गावाबाहेर गेली, इथल्या हॉटेलांनी इथलं किती घेतलं. नावं नकोत, नुसते आकडे, ग्रामसभेत वाचायला. आणि एक टेबल हवं, तालुक्याच्या ठिकाणी, जिथे इन्व्हेंटरीसाठी वकिलाची फी उचल म्हणून मिळेल आणि कागद साफ झाल्यावर हप्त्याने फेडता येईल. हायमास्टच्या एका खांबाच्या पैशात किती उतारे साफ होतील हे मी पंचाला विचारलं. त्याने माहिती घेऊन सांगतो म्हटलंय. वाट बघतेय.

पुतण्याने जागा विकली नाही, अजून तरी. इन्व्हेंटरी दाखल झालीय, पुढची तारीख नोव्हेंबरात. मुंबईच्या काकांनी मुखत्यारपत्र पाठवलं, पोर्तुगालचा फोन लागत नाही, आणि ते अनोळखी नाव आजोबांच्या सावत्र बहिणीचं निघालं. वकिलाची पहिली फी त्याच्या आईने, म्हणजे माझ्या जावेने भरली. तिला विचारूनच लिहितेय. लाल मखमलीची डबी तिची. यंदा चवथीला ती बाहेर पडली नाही. आरतीला जाऊ नुसतं मंगळसूत्र घालून उभी होती, आणि कोणी विचारलं तर सांगत होती, “हार पॉलिशला दिलाय.”